अतिव्याप्तीचा दोष : रोजच्या इंग्रजींतील कांहीं ऐसपैस शब्द

इंग्रजी शाळेंत जाणारा नातू घरीं येऊन सांगतो, "उद्यां अंकल येणार आहेत." आजी स्वयंपाकघरांतून विचारते, "कोण रे? काका, मामा, कीं मावशीचे यजमान?" नातवाला या प्रश्नाचें नवल वाटतें. ज्या भाषेंतून त्यानें तो शब्द उचलला, त्या भाषेंत हा प्रश्न सहसा उद्भवतच नाहीं. आजीला मात्र उत्तर मिळाल्यावांचून पुढची व्यवस्था ठरवितां येत नाहीं. मामाचा मान निराळा, काकांचा निराळा, आणि मावशीचे यजमान येणार म्हणजे बरोबर मावशीहि येणार! 'कझिन' या शब्दाची गोष्ट तर याहूनहि पुढची आहे. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ आणि तशाच चार प्रकारच्या बहिणी, असें आठ नात्यांचें गणगोत त्या एका शब्दांत नांदतें. येणारा पाहुणा पुरुष कीं स्त्री, एवढेंहि त्यावरून कळत नाहीं.

यावरून इंग्रजी भाषा दरिद्री आणि मराठी श्रीमंत, असा निष्कर्ष काढणें मात्र उतावळेपणाचें होईल. इंग्रज मनुष्य खांद्यापासून मनगटापर्यंतच्या भागास एक नांव देतो आणि मनगटापुढील पंजास दुसरें. मराठींत दोन्ही 'हात'च. हाताचीं बोटें व पायाचीं बोटें इंग्रजींत दोन स्वतंत्र शब्दांनीं ओळखलीं जातात. मराठींत तीं सारीं बोटेंच. समुद्रांतील कासव आणि जमिनीवरील कासव यांना ब्रिटनमधील इंग्रजींत दोन नांवें आहेत. मराठीला एक पुरतें. प्रत्येक भाषा आपल्या गरजेप्रमाणें कांहीं शब्द अंगाबरोबर बेतते आणि कांहीं ऐसपैस ठेविते. 'झाड', 'पक्षी', 'भाजी' असे विस्तृत शब्द नसते तर बोलणें अशक्य झालें असतें. तेव्हां शब्द मोठा असणें हा कांहीं दोष नव्हे. दोष उत्पन्न होतो तो शब्दाच्या उपयोगांत.

हा दोष आपल्याकडील नैयायिकांनीं फार पूर्वींच ओळखला होता. एखाद्या वस्तूचें लक्षण सांगतांना अव्याप्ति, अतिव्याप्ति आणि असंभव असे तीन दोष घडूं शकतात, असें न्यायशास्त्र सांगतें. 'जिला शिंगें असतात ती गाय' असें गाईचें लक्षण केलें, तर म्हैस, शेळी आणि हरिणहि गाईंतच मोडूं लागतात. जें सांगावयाचें त्याच्या सीमेबाहेर लक्षण पसरलें, ही अतिव्याप्ति. रोजच्या बोलण्यांत लक्षणें कोणी सांगत बसत नाहीं; तेथें हा दोष नांवाच्या वाटेनें शिरतो. नांव घेतलें जातें मोठ्या समूहाचें आणि विधान खरें असतें त्यांतील एका लहानशा गटापुरतें.

इंग्रजी व्याकरणाची एक सोय या दोषास विशेष अनुकूल आहे. 'सर्व', 'बहुतेक', 'कांहीं' यांपैकीं कोणतेंहि विशेषण न लावतां नुसतें अनेकवचन वापरून त्या भाषेंत विधान करतां येतें. 'वाघ माणसें खातात' हें वाक्य तसेंच आहे. तें ऐकणाऱ्याच्या मनांत सर्व वाघ उभे राहतात. वास्तविक नरभक्षक वाघ हा अपवाद असून बहुधा जखमी, म्हातारा किंवा नेहमींचें सावज दुर्मिळ झालेला प्राणीच त्या मार्गास लागतो. अशा वाक्याची मौज अशी कीं, बोलणाऱ्यास हटकलें तर तो म्हणतो, 'कांहीं वाघ, असें मला म्हणावयाचें होतें'. आणि न हटकलें तर ऐकणारा 'सर्व वाघ' असा अर्थ घेऊन निघून जातो. मराठींतहि असें वाक्य होतें, हें खरें. म्हणूनच इंग्रजींतील हा दोष भाषांतरांत न गळतां मराठींत सुखरूप उतरतो.

ऐसपैस नांवाची किंमत केवढी पडते, याचें एक उदाहरण भारताच्याच भूमीवर घडलें. 'मॉस्किटो' हा शब्द इंग्रजीनें स्पॅनिश भाषेंतून घेतला. त्याचा मूळ अर्थ एवढाच, कीं 'लहान माशी'. आज शास्त्रज्ञांनीं डासांच्या तीन हजारांहून अधिक जाती नोंदल्या आहेत. पण व्यवहारांत त्या सर्वांना हें एकच नांव पुरतें. १८९५ सालीं सैन्यांतील डॉक्टर रोनाल्ड रॉस सिकंदराबादेस आले, तेव्हां हिवतापाच्या जंतूंचा डासांशीं कांहीं संबंध असावा, हें पॅट्रिक मॅन्सन यांचें अनुमान त्यांनीं मनाशीं धरलें होतें. अनुमान बरोबर होतें. अडचण एवढीच होती, कीं 'डास' म्हणजे कोणता डास, हें कोणासच सांगतां येत नव्हतें. रॉस यांच्याजवळ डासांच्या वर्गीकरणाचें उपयुक्त पुस्तकहि नव्हतें. करडे डास आणि पट्टेरी डास अशीं त्यांनीं स्वतःपुरतीं नांवें पाडलीं, रोग्यांचें रक्त त्यांना पाजलें, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांचीं पोटें तपासलीं. कांहीं सांपडलें नाहीं. मध्यंतरीं इतर कामें आलीं, बदली झाली. असे दोन वर्षांहून अधिक दिवस गेले.

अखेर १८९७ सालच्या ऑगस्टमध्यें ठिपकेदार पंखांचे थोडे निराळे डास त्यांच्या हातीं आले. २० ऑगस्ट रोजीं त्यांपैकीं एकाच्या पोटाच्या आवरणांत त्यांना हिवतापाच्या जंतूंचें काळसर रंगद्रव्य असलेल्या पेशी दिसल्या. ते डास ॲनॉफेलिस वर्गांतील होते. पूर्वीं तपासलेले करडे व पट्टेरी डास माणसाचा हिवताप वाहून नेणारे नव्हतेच. त्यांचीं आणखी हजार पोटें उघडलीं असतीं तरी उत्तर मिळालें नसतें. या शोधाबद्दल १९०२ सालीं रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांना झालेला विलंब केवळ एका शब्दामुळें झाला असें म्हणणें अतिशयोक्तीचें ठरेल. पण खरा प्रश्न 'डासांमुळें हिवताप होतो काय?' असा नसून 'कोणत्या डासामुळें होतो?' असा होता, हें त्या विलंबानें शिकविलें.

हाच धडा मुंबईस पुढें उपयोगी पडला. डॉ. चार्ल्स बेंटली यांनीं शहरांतील हिवतापाची पाहणी करून १९११ सालीं अहवाल दिला. रोगाचा प्रसार करणारा डास मुख्यतः घरोघरच्या विहिरींत आणि पाण्याच्या टाक्यांत वाढतो, असें त्यांत दाखविलें होतें. केवळ 'डास' या शब्दावर विसंबून राहणारा मनुष्य गटारांकडे बोट दाखवून मोकळा झाला असता. नेमक्या जातीचा विचार केल्यावर बोट आपल्याच वाड्यांतील विहिरीकडे वळलें.

आजच्या गृहस्थासहि या धड्याची गरज संपलेली नाहीं. ॲनॉफेलिस मुख्यतः संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. क्युलेक्स रात्रीं चावतो आणि घाण पाण्यांत वाढतो. डेंग्यू पसरविणारा एडिस मात्र दिवसा चावतो आणि फुलदाणी, कुंडीखालची बशी, पाण्याचा उघडा पिंप अशा स्वच्छ पाण्याच्या जागीं अंडीं घालतो. 'डास रात्रीं चावतात' एवढेंच ज्या घरांत माहीत असतें, तेथें रात्रीं मच्छरदाणी लागते आणि दुपारीं मूल उघड्यावर निजतें. काळजीची तेथें उणीव नसते. उणीव असते ती एका विशेषणाची.

ऐसपैस शब्दाचा प्रश्न न्यायालयापुढें गेला म्हणजे त्याचें स्वरूप आणखी स्पष्ट होतें. १८१८ सालीं न्यू यॉर्क येथें 'देवमासा हा मासा आहे काय?' या प्रश्नावर खटला चालला. माशाच्या तेलाची सरकारी तपासणी करून फी द्यावी, असा तेथें कायदा होता. सॅम्युएल जड नांवाच्या व्यापाऱ्यानें देवमाशाच्या तेलाचीं पिंपें तपासणीवांचून घेतलीं; देवमासा मासाच नव्हे, असें त्याचें म्हणणें. वास्तविक लिनियस यानें १७५८ सालींच देवमाशास सस्तन प्राण्यांत स्थान दिलें होतें, आणि सॅम्युएल मिचिल यांच्यासारख्या विद्वानानें या खटल्यांत तशी साक्षहि दिली. ज्यूरीनें मात्र देवमासा हा मासाच, असा निर्णय देऊन व्यापाऱ्यास दोषी ठरविलें. पुढील वर्षीं कायद्यांतच दुरुस्ती होऊन देवमाशाचें तेल त्यांतून वगळण्यांत आलें. कायदेमंडळानें तेव्हां जो नेमका शब्द योजला, तो प्रथमच योजला असता तर खटला उभाच राहिला नसता.

टोमॅटोवरहि असाच प्रसंग गुदरला. १८८३ सालच्या अमेरिकन कायद्याप्रमाणें आयात भाज्यांवर शेंकडा १० जकात होती, फळांना मात्र माफी होती. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें टोमॅटो हें फळ. म्हणून निक्स नांवाच्या व्यापाऱ्यांनीं भरलेली जकात परत मागितली. न्यायालयांत शब्दकोश वाचून दाखविण्यांत आले. १८९३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला, कीं टोमॅटो जेवणांत मुख्य पदार्थांबरोबर खाल्ला जातो, शेवटच्या गोड पदार्थाच्या जागीं नव्हे. म्हणून जकातीपुरती ती भाजी. या निकालास हसण्याचें कारण नाहीं. 'भाजी' हा वनस्पतिशास्त्राचा शब्दच नव्हे. तो स्वयंपाकघराचा शब्द आहे. बाजारांतील व्यवहारास बाजाराचा अर्थ लावणें सयुक्तिकच होतें.

याच्याहि पुढची मौज २०२२ सालीं कॅलिफोर्नियांत झाली. तेथील अपील न्यायालयानें गुंजनमाशी 'फिश' या वर्गांत धरतां येते, असा निर्णय दिला. वृत्तपत्रांनीं त्यावर थट्टा केली. पण त्या राज्याच्या कायद्यांत 'फिश' या शब्दाची जी व्याख्या लिहिली होती, तींत अपृष्ठवंशी प्राण्यांचाहि उल्लेख होता, आणि त्या वर्गांत घेतल्यानें नष्ट होऊं पाहणाऱ्या त्या माश्यांस कायद्याचें संरक्षण मिळत होतें. शब्द ताणला होता खरा, पण किती ताणला तें आधींच लिहून ठेविलें होतें. उघडपणें सांगून विस्तृत केलेला अर्थ आणि न सांगतां पसरलेला अर्थ यांत हें अंतर आहे. पहिल्याचा हिशेब मागतां येतो. दुसऱ्याचा हिशेब कोणापाशींच नसतो.

तेल, भाजी आणि माशी यांच्यापुरतें हें झालें. तोच सैल शब्द माणसाच्या अंगावर घातला म्हणजे प्रसंग थट्टेचा राहत नाहीं. कोलंबस १४९२ सालीं अटलांटिकपलीकडील बेटांवर उतरला आणि आपण हिंदच्या प्रदेशांत आलों, अशा समजुतीनें त्यानें तेथील रहिवाशांस तेंच नांव दिलें. चूक उघडकीस आली, नांव मात्र राहिलें. त्या एका नांवाखालीं परस्परांहून भिन्न भाषा, भिन्न आचार आणि भिन्न राज्यव्यवस्था असलेलीं शेंकडों राष्ट्रें लोटलीं गेलीं. खुद्द हिंदुस्थानांतून अमेरिकेंत गेलेल्या लोकांना निराळें नांव हवें म्हणून 'हिंदू' हा शब्द वापरात आला, आणि शीख शेतकरी, मुसलमान खलाशी, ब्राह्मण विद्यार्थी असे सारेच 'हिंदू' झाले. १९२०, १९३० आणि १९४० या तिन्ही वेळच्या अमेरिकन जनगणनांत 'हिंदू' हें धर्माचें नव्हे, तर वंशाचें नांव म्हणून नोंदलेलें आहे!

भगतसिंग थिंड यांचा खटला याच गोंधळांतून उद्भवला. थिंड हे पंजाबांतील शीख. पहिल्या महायुद्धांत ते अमेरिकन सैन्यांत दाखल झाले होते. १७९० सालापासून चालत आलेल्या कायद्याप्रमाणें परदेशीयांपैकीं 'गोऱ्या' माणसांस अमेरिकेचें नागरिकत्व मिळूं शके. १८७० सालीं त्यांत आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. 'गोरा' म्हणजे कोण, हें कायद्यानें सांगितलें नव्हतें. १९१० सालीं भिकाजी बलसारा या मुंबईकडील पारशी व्यापाऱ्यास न्यायालयानें 'गोरा' ठरविलें. १९२२ सालच्या नोव्हेंबरांत ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें, कीं गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. नुसत्या कातडीच्या रंगानें भागत नाहीं. थिंड यांनीं तोच आधार घेतला. त्या काळच्या वंशशास्त्राप्रमाणें उत्तर हिंदुस्थानांतील लोक कॉकेशियन गणले जात. परंतु १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं त्याच न्यायालयानें, आणि न्यायमूर्ति जॉर्ज सदरलंड यांच्याच लेखणीनें, निकाल दिला कीं शास्त्राचा अर्थ बाजूस ठेवावा. सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. शीख असलेल्या थिंड यांचा उल्लेख त्या खटल्यांत 'उच्चवर्णीय हिंदू' असा आहे.

तीन महिन्यांच्या अंतरानें एकच शब्द दोन मापांनीं मोजला गेला, आणि दोन्ही वेळां दाराबाहेर राहिला तो अर्जदार. टोमॅटोच्या खटल्यांत बाजाराचा अर्थ लावला तेव्हां व्यापाऱ्याची जकात बुडाली. येथें बाजाराचा अर्थ लावला तेव्हां माणसाचें नागरिकत्व बुडालें. या निकालाच्या आधारें पूर्वीं नागरिक झालेल्या अनेक हिंदी लोकांचेंहि नागरिकत्व काढून घेण्यांत आलें. त्यांपैकीं वैष्णोदास बगाई यांनीं १९२८ सालीं आत्महत्या केली. थिंड यांना पुढें १९३६ सालीं, माजी सैनिकांसाठीं झालेल्या कायद्यामुळें, नागरिकत्व मिळालें. आणि १९४६ च्या कायद्यानें हिंदी लोकांना तो मार्ग मोकळा झाला. मधल्या काळांत कोणाच्या रंगांत, वंशांत कीं स्वभावांत कांहींच फरक पडला नव्हता.

'गोरा' या शब्दाच्या जागीं आज 'एशियन' हा शब्द अधिक ऐकूं येतो. लंडनमध्यें बोलण्यांत 'एशियन' म्हटलें म्हणजे बहुधा भारत, पाकिस्तान किंवा बांगलादेश या बाजूचा मनुष्य डोळ्यांपुढें येतो. अमेरिकेंत तोच शब्द उच्चारला म्हणजे पुष्कळांस प्रथम चिनी, जपानी किंवा कोरियन मनुष्य आठवतो. १९७० सालच्या अमेरिकन जनगणनेंत भारतीय वंशाचे लोक 'गोऱ्या' वर्गांत मोजले गेले. १९८० सालीं त्यांच्यासाठीं 'एशियन इंडियन' असा स्वतंत्र रकाना आला. इंग्लंड व वेल्समध्यें २००१ सालीं चिनी लोक 'एशियन' या शीर्षकाबाहेर होते, २०११ सालीं ते आंत आले. घर हललें नाहीं, शिवेचा दगड तेवढा हलला. तरीहि हा शब्द निरुपयोगी नव्हे. आशियाई लोकांमध्यें तुलनेनें कमी वजनावरच मधुमेहाचा धोका वाढूं लागतो, ही सूचना डॉक्टरांना त्याच विस्तृत नांवानें करतां आली. मात्र तेथें नांव 'सावध राहा' एवढेंच सांगण्याचें काम करतें. पुढचा निर्णय समोरच्या रोग्यास तपासून घ्यावयाचा असतो.

तेव्हां ऐसपैस शब्द टाकून द्यावे, असा याचा अर्थ नाहीं. तसें केल्यास भाषा कोशांतील जंत्रीसारखी होईल. शब्दाची रुंदी कामाच्या मापाची असावी, एवढेंच पथ्य आहे. बागेंत मूल 'तो पक्षी पाहा' म्हणतें, तेव्हां पक्ष्याची जात विचारणें हा अरसिकपणा होय. विषारी सापाचें वर्णन करतांना मात्र 'साप' एवढेंच म्हणून भागत नाहीं. 'केमिकल वाईट' असें म्हणणाऱ्यानें पाणी आणि मीठ हींहि रासायनिक द्रव्यें आहेत, हें ध्यानांत घ्यावें आणि वाईट तें कोणतें, किती प्रमाणांत, हें सांगावें. 'डॉक्टर असें म्हणतात' असें ऐकतांच किती डॉक्टर, कोणत्या रोगाचे, हें विचारावें. 'हॉलंड' हा वास्तविक नेदरलंड्सचा एक भाग. प्रवासवर्णनांत तें नांव चालून जाईल, पण पत्रावर पत्ता लिहितांना चालणार नाहीं.

परीक्षा सोपी आहे. जें नांव घेतलें, त्यांत कोण कोण येतात, हें आधीं मोजावें. मग केलेलें विधान त्या सर्वांस लागू पडतें काय, हें पाहावें. पडत नसेल तर नांव आंखूड करावें, किंवा 'कांहीं', 'पुष्कळ', 'क्वचित्' यांसारखें एक लहानसें विशेषण जोडावें. आणि विधान जर माणसांविषयीं असेल, तर त्या नांवाखालीं उभ्या असलेल्या माणसानें स्वतःस तेंच नांव दिलें असतें काय, हेंहि विचारावें. यास न्यायशास्त्राचें अध्ययन लागत नाहीं. 'कोण रे?' असें स्वयंपाकघरांतून विचारणारी आजी याहून वेगळें कांहीं करीत नव्हती. आणि नातवानें तिला उत्तर दिल्यावरच घरांत पाहुण्याची खरी तयारी सुरू झाली.